आळेफाट्याचं बाकडं

पहाटेचे पाच वाजलेत असं धरा. आळेफाट्याच्या एसटी स्थानकातलं एक रिकामं बाकडं मनात आणा आणि त्यावर जाऊन बसा. आज कुठंही जायचं नाहीये. जायचंय ते दोन-तीन महिन्यांनी, कदाचित पुढच्या वर्षी: एकट्यानं, देशभर, तीस दिवस आणि बेताच्या पैशांत. नकाशा घरीच राहू द्या. फोन खिशात. आज नुसतं बसायचं.

पाठ टेकवा. थंडीचे दिवस आहेत, बाकड्याचा गारठा कपड्यांतून आत येतोय, येऊ द्या. पायाशी पिशवी नाही, हातात तिकीट नाही. तळवे मांडीवर उघडे ठेवा. श्वास कसा घ्यायचा ते मी सांगणार नाही, तो आपला आपण चाललाय. त्याच्याबरोबर आत काय येतंय तेवढं बघा. डिझेल. उकळून उकळून काळा पडलेला चहा. आणि या दोन्हींच्या खाली, अंगवळणी पडलेला कांद्याचा वास. इथं कांद्याचा बाजार भरतो, गोण्यांनी भरलेल्या गाड्या फाट्यावरून जात-येत असतात. इथल्या माणसाला हा वास येतच नाही. तीस दिवसांनी परत आलात की गाडीतून उतरल्यावर पहिली दोन मिनिटं येईल, मग पुन्हा हरवेल. त्या दोन मिनिटांसाठीसुद्धा माणसानं एकदा घर सोडून बघावं, असं मला वाटतं.

डोळे मिटलेले असू द्या. मनातल्या मनात तोंड उत्तरेकडं वळवा. हा रस्ता घारगाव, संगमनेर करत नाशिकला जातो आणि तिथं आग्र्याच्या रस्त्याला मिळतो. एक श्वास त्या रस्त्यावर सोडा. आता दक्षिणेकडं: नारायणगाव, मंचर, खेड, चाकण, पुणे आणि पुढं साताऱ्यावरून कर्नाटक. पश्चिमेला ओतूर, मग माळशेजचा घाट उतरून मुरबाड, कल्याण. पूर्वेला बेल्हे, टाकळी ढोकेश्वर, नगर. तुम्ही बहुधा नगरपाशी थांबला असाल, रस्ता थांबलेला नाही. तो पाथर्डी, परभणी, नांदेड करत तेलंगणात निर्मलला पोचतो. रोज भाजी आणायला ओलांडतो तोच हा रस्ता.

चारांपैकी कुठला अंगाला ओढतो? उत्तर शब्दांत नको. मान किंचित ज्या बाजूला कलते ती बाजू बघा. तेवढं पुरे.

जुन्नर तालुक्यात रेल्वे नाही. पुणे-नाशिक रेल्वेचं आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय, रूळ मात्र अजून बघायचे आहेत. त्यामुळं इथल्या माणसाचा देश एसटीच्या पायरीपासून सुरू होतो. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ला पुणे ते नगर अशी धावली, म्हणजे आपल्या शेजारूनच. आधी लाल गाडीनं कल्याण, पुणे किंवा नाशिकरोड गाठायचं, मग पुढचा देश. हे तीन-चार तास बहुतेक जण प्रवासात धरतच नाहीत. तुम्ही धरा. घर सुटतं ते याच तासांत. पुढं गाडीत बसेपर्यंत सुटून झालेलं असतं.

आता तीस दिवस.

ते एकेक करून समोर मांडा, घाई न करता. मांडताना हात लगेच शिवशिवतील: पहिल्या दिवशी दिल्ली, तिसऱ्या दिवशी अमृतसर, पाचव्याला हरिद्वार, मग काशी, मग कोलकाता, पुरी, रामेश्वर, कन्याकुमारी. सगळं एकाच खेपेत उरकायचं. अशा वेळी कांद्याची लागण आठवा. वाफ्यात रोप फार दाट लावलं की दिसायला वाफा भरगच्च दिसतो, काढणीला मात्र गोल्टी निघते. गोल्टीला बाजारात काय भाव मिळतो ते तुम्हाला मी सांगायला नको. दोन रोपांमधली मोकळी माती वाया गेलेली नसते, कांदा फुगतो तो त्याच जागेत.

तर त्या तीस दिवसांकडं पुन्हा बघा आणि एकेक दिवस उपटायला लागा. चोवीस तासांत एक शहर बघून पुढं निघणारे दिवस आधी काढा. मग कोणाला तरी फोटो दाखवायचे म्हणून धरलेले. मग ‘इतक्या लांब आलोच आहोत तर’ या शब्दांनी सुरू होणारे. हे काढताना जड जाईल, तरी काढा. उरतील तेवढ्या जागा मोजू नका, त्यांच्यामधली माती बघा. एखाद्या गावात सलग चार दिवस काहीच ठरवलेलं नाही, असं दिसतंय का? तिथं थोडा वेळ थांबा. पोटात काय होतं? मोकळं वाटतं की भीती वाटते? मला पहिल्यांदा भीतीच वाटली होती. कामाशिवाय बसलेल्या माणसाला आपल्याकडं कोणी बरं म्हणत नाही, आणि ते म्हणणारं माणूस परक्या गावातसुद्धा आपल्याच डोक्यात बसून येतं. इथून जवळच खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत. जागा न सोडता त्या नुसत्या ऐकत असतात आणि त्याला कोणी आळस म्हणत नाही.

महिन्याचा क्रम ऋतू ठरवू दे. दिवाळी उरकून निघालात तर आधी उत्तर गाठावी. डिसेंबर सरकेल तसं तिकडचं धुकं आणि थंडी वाढते, धुक्यात गाड्या रखडतात. तमिळनाडूत पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, म्हणून दक्षिण शेवटी. वरून खाली, पाणी जातं तसं.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे आजच्या बसण्यात आणि निघण्यात दोन महिन्यांचं अंतर आपोआप पडतं. शिवाय रेल्वेचं चक्राकार प्रवास तिकीट नावाचं एक फार कमी लोकांना ठाऊक असलेलं तिकीट आहे: जिथून निघालो तिथंच परत यायचं, मार्ग आधी लिहून द्यायचा, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला उतरत जातं, त्यामुळं तुकड्या-तुकड्यांच्या तिकिटांपेक्षा हे स्वस्त पडतं; बर्थचं आरक्षण मात्र टप्प्याटप्प्यानं वेगळं करावं लागतं. मला यातली आठाची मर्यादा आवडते. आठ बोटं उघडा आणि प्रत्येकावर एक गाव ठेवा. नववं गाव आलं तर कुठलं उतरवाल? इथं थांबा. नाव लगेच येणार नाही.

आता पैसे. मांडीवर पाचशेच्या साठ नोटा ठेवल्यात असं समजा. तीस हजार. तुमच्यासाठी आकडा दुसरा असेल, तो धरा.

दहा नोटा आधीच बाजूला काढा. या आजारपणाच्या, चुकलेल्या गाडीच्या, अचानक घरी परतावं लागण्याच्या. त्यांची घडी घालून वेगळ्या खिशात ठेवा आणि विसरा. उरल्या पन्नास. यातलं प्रवासाचं भाडं लोकांना वाटतं तेवढं नसतं. पुण्याहून जम्मूपर्यंत साध्या स्लीपरनं हजाराच्या आत जाता येतं. पैसा खरा जातो तो मुक्कामाला, आणि स्टेशनवरून मुक्कामाला पोचताना. तिकीट स्वस्तात काढून रिक्षाला बुडणारे प्रवासी मी पुष्कळ पाहिलेत, त्यात आरशातलाही एक आहे.

एक नोट उचला. बोटांत धरा. तिनं मला नक्की काय मिळतं, असं स्वतःला विचारा आणि उत्तर यायला वेळ द्या. जास्त नोटा दिल्या की गाडीत पडदा मिळतो, लॉजवर स्वतंत्र खोली, रिक्षात एकट्याची सीट, हॉटेलात वेगळं टेबल. थोडा वेळ या चार वस्तूंकडं बघत राहिलं की ध्यानात येतं, या सगळ्यांत आपण एकच माल घेतोय: दुसऱ्या माणसापासूनचं अंतर. हे अंतर वाईट आहे असं मी म्हणत नाही. अंगात ताप असतो तेव्हा स्वतंत्र खोलीसारखं सुख नाही. पण नोटा कमी असतील तर अंतरही कमीच मिळणार, हे आत्ताच अंगात मुरू द्या. बर्थवर चौथा माणूस टेकणार. धर्मशाळेत शेजारच्याचं घोरणं ऐकू येणार. तुम्ही कुठले, लग्न झालंय का, पगार किती, हे तीन प्रश्न ओडिशातही विचारले जाणार आणि पंजाबातही. एकट्यानं आणि थोडक्यात, हे दोन्ही एकाच वेळी जमत नाही. जितकं थोडक्यात, तितके तुम्ही कमी एकटे.

मला हे एका तारखेनं शिकवलं. रात्री बारा वाजून वीस मिनिटांची गाडी होती, तारीख चौदा. मी चौदाला रात्री जेवूनखाऊन ऐटीत स्टेशनवर गेलो. गाडी आदल्या रात्रीच गेली होती, कारण बारा वाजता तारीख बदलते हे मला शाळेपासून माहीत असूनही माहीत नव्हतं. साध्या डब्यात, दाराशी, पिशवीवर बसून निघालो. तासाभरानं आतल्या एका म्हाताऱ्या बाईनं नातवाला माझ्याकडं दिलं, म्हणाली, जरा धर, मला हात धुवायचेत. मूल धरलं म्हणून जागा मिळाली, जागा मिळाली म्हणून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी मिळाली. भाषा निम्मी-अर्धी. उतरताना तिनं मला हाक मारून माझी पाण्याची बाटली परत दिली. त्या रात्रीचा खर्च माझ्या वहीत शून्य लिहिलेला आहे, आणि तो आकडा मला अजून खरा वाटत नाही.

तो शून्य तुमच्याही समोर ठेवा. न मागता, न देता मिळालेली शेवटची गोष्ट कुठली? कोणी दिली? चेहरा आठवतो का? नाही आठवला तर हरकत नाही, त्या जागी थोडा वेळ रिकामं राहू द्या.

आपल्या इथं दगडातसुद्धा हा हिशेब कोरलेला आहे. कल्याणकडून जुन्नरला येणारी जुनी वाट नाणेघाटानं चढते. वर आल्यावर तो मोठा दगडी रांजण तुम्ही पाहिला असेल, जकातीचा म्हणून दाखवतात. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, यज्ञ आणि दानं यांचे हजारांत जाणारे आकडे असलेला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. पण मनन करायचं तर मला राणीपेक्षा दामघोष बरा वाटतो. त्याच घाटात पाण्याचं एक टाकं आहे आणि ते आपण दिलं असं सांगणारा या गृहस्थाचा लेख. तसाच शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाचा: दोन टाकी दिली. दुसरा यवन, चिट, यानं भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. यवन म्हणजे परका, लांबून आलेला. इतका लांब येऊन त्यानं काय बांधलं, तर पाणी पिण्याची आणि जेवायला बसण्याची सोय.

त्या घाटातली दगडी पायरी मनात आणा. ऊन आहे, पोटऱ्या भरून आल्यात, घसा कोरडा. टाक्याशी ओणवे व्हा, ओंजळ भरा, गार पाणी तोंडाला लावा. वाटसरूला एक घोट स्वस्त पडला, कारण कोणीतरी आधी छिन्नी चालवण्याचे पैसे मोजून ठेवले होते. तुमच्या तीस दिवसांत अशी किती टाकी येतील? अमृतसरचा लंगर. रेल्वे स्टेशनची डॉर्मिटरी. काशीतली मराठी माणसांनी बांधलेली जुनी धर्मशाळा. याच आपल्या फाट्यावरून पूर्वेला जाणाऱ्या रस्त्यावर नांदेड आहे, तिथं लंगरात पंगतीला बसा. जेवून झालं की भांडी घासणाऱ्यांच्या रांगेत उभे राहा. बिल कोणी मागत नाही, हात मात्र राखेनं नाही तर साबणानं भरतात. हिशेबाच्या वहीत ही घासलेली ताटं कुठल्या रकान्यात लिहायची, यावर पाच-दहा श्वास घालवा.

आपल्या मुलखातून गेलेल्या माणसांची नावं पुष्कळ आहेत. नामदेव पंढरपुरातून पंजाबपर्यंत गेले. घुमानला त्यांची आठवण आहे, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदं आहेत, आणि २०१५चं मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं होतं. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरचं कर्ज फेडावं म्हणून काकांबरोबर उत्तरेला दक्षिणा मिळवायला निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले. परत येताना त्यांनी खांद्यावर आणली ती आईवडलांच्या स्नानासाठी गंगेच्या पाण्याची कावड. पैसे मिळवायला गेलेला माणूस पाणी घेऊन आला. गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ वाचताना मला नेहमी त्या कावडीचं वजनच जास्त जाणवतं.

आणि अगदी जवळ, आळे गावात, रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले तो रेडा, ज्ञानदेव भावंडांबरोबर परतीच्या वाटेनं चालत आला आणि इथं थांबला, अशी श्रद्धा. चार पोरकी मुलं शुद्धिपत्रासाठी पैठणपर्यंत पायी गेली, नेवाशाला राहिली आणि आळंदीकडं परत निघाली. कोणाच्या तरी ओसरीवर झोपली असतील, कोणाची तरी भाकरी खाल्ली असेल. रेडा मात्र पोचला नाही. प्रवासात बरोबर निघालेलं सगळं परत येतंच असं नाही. तुमच्याबरोबरचं काय वाटेत राहिलं तर चालेल? एखादा हट्ट, एखादी सवय, एखादं भांडण? नाव घेऊ नका, जागा ठरवून ठेवा.

तुम्ही बाई असाल तर तुमच्या वहीत एक रकाना जास्तीचा आहे, तो पुरुषाच्या वहीत नसतो. उजेडात पोचणाऱ्या गाडीचे जास्तीचे पैसे. आतून कडी नीट लागणाऱ्या खोलीचे. रात्री अकराला अनोळखी स्टेशनवर उतरायचं टाळण्यासाठी वाढवलेल्या एका मुक्कामाचे. हे पैसे चैनीत धरू नका आणि कोणाला त्याचं कारण देत बसू नका. आधी हाच रकाना भरा, मग उरलेल्या नोटा मोजा. अंतर विकत घेणं वाईट नाही असं वर म्हटलं, ते यासाठीही.

आता घराकडं वळा. मघापासून हा विचार दाराशी उभा आहे.

दिवाळीनंतर निघालात तर घरी उन्हाळ कांद्याचं रोप टाकलेलं असेल. डिसेंबरात लागण. रोपाला पाणी द्यायचं, आणि शेतीची वीज कधी दिवसाच्या पाळीत, कधी रात्रीच्या. रात्रीची पाळी आली की कोणीतरी बॅटरी घेऊन, शेजारच्या उसाकडं एक कान ठेवून, मोटार चालू करायला जाणार. जुन्नरच्या उसात बिबट्या म्हणजे गोष्टीतला नव्हे, तो खरा असतो. तुम्ही कन्याकुमारीला सूर्योदयाची वाट बघत बसलेले असाल तेव्हा बांधावर कोण असेल? भाऊ? वडील? वाट्यानं लावलेला माणूस? शेती नसेल तर दुसरं काही असेल: आईची गोळी, मुलाची शाळेची रिक्षा, दुकानाचं शटर. त्या माणसाला मनात समोर बसवा. त्याच्या हातातली बॅटरी बघा. ‘मी एकटाच निघालोय’ हे वाक्य त्याच्यासमोर एकदा मनात म्हणून बघा, कसं वाटतं ते.

घाईनं उत्तर काढू नका. जाऊ नये असंही ठरवू नका. आपल्याकडच्या अर्ध्या माणसांचा प्रवास इथंच अडतो आणि मग जन्मभर दुसऱ्यांना सांगायला उरतो. त्यापेक्षा जाऊन त्या बांधावरच्या माणसाला विचारावं, बाबा, तीस रात्री देशील का? त्या साठ नोटांत न मोजलेला सगळ्यात मोठा आकडा तो आहे. तो माणूस देईल. कदाचित बडबडेल, कदाचित म्हणेल की पुढच्या वर्षी मी जाणार. त्याला हो म्हणा, आणि ते आत्ताच वहीत लिहा, पहिल्या पानावर.

श्वास पुन्हा बघा. चालूच आहे.

थोडं उजाडलंय. फलाटावर नाशिकची गाडी लागली, कंडक्टरनं घंटी दिली, गेली. पुण्याची आली. शाळेची पोरं, दुधाची कॅन, लग्नाला निघालेली एक आख्खी भावकी. बाकड्यावर तुमच्या शेजारी एक मावशी येऊन बसल्यात, पायाशी भरलेली गोणी, वर फडक्यात बांधलेलं गाठोडं. त्या चौकशीच्या खिडकीकडं बघतात, गोणीकडं बघतात, मग तुमच्याकडं.

“बसलाय ना हितंच? जरा लक्ष ठेवा बरं. कल्याणची कवा लागतीय, इचारून येते.”

मान हलवा. डोळे हळूच उघडा. एक पाय गोणीला टेकवून बसा, त्या परत येईपर्यंत.